घरच्या डक्ट कूलरसाठी डक्टचं माप कसं काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथणीला माझ्या अक्काच्या घरी छतावर डक्ट कूलर आहे, म्हणजे गार हवा पत्र्याच्या चौकोनी नळीतून (डक्टमधून) खोल्याखोल्यांत नेणारा कूलर. त्याचा डक्ट मी दोनदा केला. पहिला फसला, दुसरा गेली काही वर्षं नीट चालतोय. वातानुकूलनाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम केलं, त्यामुळं पत्रा, टेप आणि ड्रॉइंग यांची ओळख होती. चिक्कोडी, रायबाग, निपाणी आणि बेळगावातून पाहुणे, ओळखीचे लोक फोन करून जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकदाच नीट लिहून ठेवतो.

आमच्या गावात कूलर चालेल का? की सरळ एसीच घ्यावा?

डक्टच्या मापाआधी हे ठरवा, कारण चुकीच्या गावात कितीही चांगला डक्ट केला तरी उपयोग नाही. कूलर पाणी सुकवून हवा गार करतो. हवा आधीच दमट असेल तर पाणी सुकणार कुठून?

साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. आकडा उतरून जिथं थांबतो, ती तुमच्या कूलरची शेवटची पायरी. त्याच्या खाली तो जाऊच शकत नाही. समजा दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता आहे, तर ओल्या चिंधीचा आकडा २२ अंशांच्या आसपास येतो. फरक १८ अंशांचा. चांगलं पॅड त्यातला सुमारे ८० टक्के फरक कापतं, म्हणजे ग्रिलमधून (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीतून) साधारण २६ अंशांची हवा मिळते. अथणी, रायबागकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे सहज जमतं.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, पावसाळ्यात त्याच चिंधीचा आकडा कोरड्या आकड्याला जवळजवळ चिकटलेला असतो. तिथं कूलर म्हणजे घरात आणखी ओल. बेळगाव शहर मधलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये कूलर चालतो, वळीव सुरू झाला की त्याचा गुण कमी होत जातो.

आधी मशीन घ्यायचं की आधी डक्ट करायचा?

आधी खोल्या मोजायच्या. आमची पहिली चूक इथंच झाली. विक्रेत्यानं घर किती स्क्वेअर फूट एवढंच विचारलं, एक मोठं मशीन दाखवलं आणि डक्टचं म्हणाला, "बारा बाय बाराचा टाका, सगळीकडं तोच टाकतात." आम्ही टाकला. हॉलमध्ये बोललेलं ऐकू येईना आणि शेवटच्या बेडरूममध्ये कॅलेंडरचं पान हलेना.

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणा. कूलरसाठी त्या घनफळाची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलावी लागते. मी २५ धरतो. अक्काच्या घराचा हिशोब असा: हॉल १८ × १४ × १० म्हणजे २,५२० घनफूट. बेडरूम दोन, प्रत्येकी १२ × ११ × १० म्हणजे १,३२० घनफूट. एकूण ५,१६०. त्याला २५ नं गुणून ६० नं भागलं की २,१५० घनफूट दर मिनिटाला. यालाच सीएफएम म्हणतात. स्वयंपाकघर धरलं नाही, कारण गॅसवर वारं नको.

मग हे २,१५० घनफळाच्या प्रमाणात वाटायचे. हॉलला १,०५० आणि बेडरूमना ५५०-५५०. पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असेल तर त्या खोलीला थोडं वाढवून द्या. मीही एका बेडरूमला थोडं झुकतं माप दिलं, पण खाली सोपे आकडेच घेतो.

मशीनवर तर ६,००० घनमीटर लिहिलेलं असतं. मग डक्ट लहान असला तरी हवा भरपूर येईल ना?

घनमीटर दर तासाला १.७ नं भागलं की सीएफएम मिळतं. ६,००० म्हणजे सुमारे ३,५००. पण हा आकडा बहुतेक वेळा डक्ट न जोडता, मोकळ्या तोंडानं मोजलेला असतो. पुढं डक्ट, बेंड, ग्रिल लागले की हवेला अडथळा येतो आणि आकडा खाली येतो. विक्रेत्याकडं ब्लोअरचा, म्हणजे मशीनमधल्या हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, तक्ता मागा: किती दाबाला किती हवा. तो मिळत नसेल तर कागदावरच्या आकड्याच्या भरवशावर डक्ट बारीक करू नका.

मग डक्ट किती बाय कितीचा?

सूत्र एकच आहे: हवा भागिले वेग म्हणजे क्षेत्रफळ. हवा सीएफएममध्ये आणि वेग फूट दर मिनिटात घेतला की क्षेत्रफळ चौरस फुटात येतं. त्याला १४४ नं गुणलं की चौरस इंच.

वेग आपण ठरवायचा. घरात मुख्य डक्टला ९०० फूट दर मिनिट आणि खोलीकडं जाणाऱ्या फाट्याला ७०० पुरे. कारखान्यात याहून जास्त चालतो, कारण तिथं कुणाला झोपायचं नसतं.

मुख्य डक्ट: २,१५० भागिले ९०० म्हणजे २.३९ चौरस फूट, म्हणजे ३४४ चौरस इंच. २० × १८ चा डक्ट (३६० चौरस इंच) बरोबर बसतो. हॉलचा फाटा: १,०५० भागिले ७००, म्हणजे २१६ चौरस इंच, १८ × १२. हॉल सुटल्यावर मुख्य डक्टमध्ये १,१०० उरतात, तिथं १६ × १२ केला. त्यात वेग ८२५ येतो, चालतो. प्रत्येक बेडरूमचा फाटा ५५० भागिले ७००, म्हणजे ११३ चौरस इंच, १२ × १० केला.

आता आमचा पहिला १२ × १२ बघा. तो बरोबर एक चौरस फूट. त्यातून २,१५० सीएफएम न्यायचे तर वेगही २,१५० फूट दर मिनिट. अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट तर अडथळा चौपट. मशीन लहान नव्हतंच. गळा आवळलेला होता.

शेवटच्या खोलीत वारंच येत नाही. मोठा ब्लोअर लावू का?

थांबा. उसाला पाणी पाजताना काय होतं ते आठवा. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याचं बारं आधी भरतं. दंड नीट बांधलेले नसतील तर शेपटाकडच्या सऱ्या कोरड्या राहतात. मोटार मोठी लावली तर तोंडाशी पाणी फुटून वाहतं, शेपूट तसंच राहतं. हवेचंही तसंच आहे. जिथं वाट सोपी तिथं ती जाते.

तीन गोष्टी करा. प्रत्येक फाटा सुटला की पुढचा डक्ट लहान करत न्या, म्हणजे वेग टिकतो. प्रत्येक फाट्यात डॅम्पर घाला, म्हणजे आत फिरणारी पत्र्याची झडप. बाहेर दांडा आणि त्यावर खूण हवी. आणि सगळ्यात लांबच्या खोलीचा फाटा हिशोबापेक्षा एक इंच मोठाच ठेवा, कारण तिथं पोचेपर्यंत हवेचा बराच दाब खर्च झालेला असतो. जवळच्या खोलीचा डॅम्पर दाबून हवा पुढं ढकलता येते. लांबचा फाटाच लहान असेल तर काहीच करता येत नाही.

कूलर चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवायच्या ना?

नाही! सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात, आणि आम्हीही चुकलो होतो. एसी घरातलीच हवा फिरवतो, म्हणून दारं लावायची. डक्ट कूलर सतत बाहेरची नवी हवा आत ढकलतो. जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर जायला पाहिजे. नाहीतर खोली फुग्यासारखी ताठते, येणारी हवा अडते आणि आतली ओल वाढत जाते.

अक्का म्हणायची, "या खोलीचं दार आपोआप धाडकन बसतंय, वास्तूचं काय आहे काय?" वास्तूचं काही नव्हतं. खोलीतली हवा बाहेर पडायला दारच शोधत होती. मी खिडकीचं एक दार चार बोटं उघडलं आणि ग्रिलसमोर हात धरला. त्या क्षणाला वाऱ्याचा जोर वाढलेला हाताला कळला. डक्टला हातही लावला नव्हता.

माप असं: दर १,००० सीएफएमला सुमारे २ चौरस फूट बाहेर जायची जागा. ५५० ला १.१ चौरस फूट. चार फूट उंचीची खिडकी सव्वातीन इंच, म्हणजे चार बोटं उघडली की झालं. डासांची जाळी असेल तर दुप्पट उघडा, जाळीत बरीच हवा अडते. आणि ही वाट ग्रिलच्या समोरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा खोलीभर फिरून मगच बाहेर पडते.

बीमखाली जागा नाही. चपटा डक्ट चालेल का?

चालतो, पण फुकट चालत नाही. १२ × १२, २४ × ६ आणि ३६ × ४ या तिघांचंही क्षेत्रफळ १४४ चौरस इंच आहे. घेर मात्र ४८, ६० आणि ८० इंच. घेर वाढला की हवा जास्त पत्र्याला घासते, पत्राही जास्त लागतो आणि चपट्या डक्टचं पोट थरथरून वाजतं. एक बाजू दुसरीच्या चौपटीहून मोठी करू नका. चपटा करावाच लागला तर क्षेत्रफळ थोडं वाढवून घ्या.

एका १२ इंची गोल पाइपऐवजी दोन ६ इंची पाइप टाकले तर?

सहा आणि सहा बारा हा हिशोब इथं लागू नाही. १२ इंची पाइपचं तोंड ११३ चौरस इंच, ६ इंचीचं २८. म्हणजे क्षेत्रफळासाठीच चार पाइप लागतात. शिवाय लहान पाइपमध्ये घर्षण जास्त, त्यामुळं तेवढ्याच दाबात तेवढीच हवा न्यायची तर सहा पाइपही पुरत नाहीत.

बेंडनं किती फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा जास्त. पोटात गोलाई असलेला ९० अंशाचा चांगला बेंड म्हणजे साधारण १०-१५ फूट सरळ डक्ट वाढवल्यासारखं. काटकोनात नुसता पत्रा जोडला तर नुकसान कितीतरी जास्त. जागा नसेल तर आत वळणाच्या पट्ट्या घालून घ्या, फॅब्रिकेटरला "व्हेन" म्हटलं की कळतं. ब्लोअरला लागून लगेच बेंड नको. आधी दोन-तीन फूट सरळ जाऊ द्या.

रात्री आवाजानं झोप येत नाही.

बहुतेक वेळा ग्रिल लहान असतं. ग्रिलच्या पट्ट्यांनी अडलेली जागा सोडून मोकळी जागा साधारण ७० टक्के उरते. त्या मोकळ्या जागेतून वेग ५०० च्या आसपास ठेवा. ५५० सीएफएमसाठी १८ × १२ चं ग्रिल लागतं. फाटा १२ × १० चा असला तरी ग्रिल मोठंच हवं, मध्ये पसरट तोंड करून घ्या. आणि ब्लोअर व डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा तुकडा घाला, नाहीतर मशीनची थरथर पत्र्यातून सगळ्या घरात फिरते.

फॅब्रिकेटरला नेमकं काय सांगायचं?

तोंडी काही सांगू नका. वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक तुकड्यावर माप, लांबी आणि हवेची दिशा लिहा. "अण्णा, असं नसतं करायचं, आम्ही रोज करतो" असं म्हणतील. चांगल्या कारागिराच्या हाताचा मान ठेवा. घडी, लॉक, रिव्हेट त्याच्याकडून शिका. माप मात्र तुमचं ठेवा.

पत्रा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला), २४ गेज, म्हणजे ०.६३ मिमी. डक्टची मोठी बाजू ७५० मिमीच्या आत असेल तर भारतीय मानक आयएस ६५५ प्रमाणं तेवढा पुरतो. माप आतल्या बाजूचं की बाहेरचं, हे आधी बोलून घ्या. सांध्यांना सिलिकॉन आणि वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, कापडी पट्टी उन्हात सुटते. छतावरच्या डक्टला इन्सुलेशन हवंच. उन्हात तापलेल्या उघड्या पत्र्यातून गार हवा न्यायची म्हणजे कमावलेलं वाटेत सांडायचं.

काम झाल्यावर बरोबर झालंय का, हे कसं तपासायचं?

उदबत्तीपासून सुरुवात करा. ब्लोअर चालू करून पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून हळू फिरवा. धूर जिथं झटकन बाजूला पळतो तिथं गळती. आमच्या दुसऱ्या डक्टलाही अशा पाच जागा सापडल्या, पैकी एक रिड्यूसरच्या, म्हणजे डक्ट लहान करणाऱ्या तुकड्याच्या, खालच्या कोपऱ्यात, जिथं डोळा कधी गेला नसता.

दाब मोजायला गवंड्याचा लेव्हल पाइप घ्या, तो पारदर्शक बारीक नळीचा. फळीवर इंग्रजी यू सारखा वळवून ठोका, अर्धा पाण्यानं भरा, पाण्यात निळीचा थेंब टाका. एक टोक मोकळं ठेवा, दुसरं ब्लोअरजवळ डक्टच्या बाजूला बारीक भोक पाडून पत्र्याला सपाट टेकवा. आत शिरवू नका. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पट्टीनं मोजा. आमच्या पहिल्या डक्टला तो १८ मिमी आला होता, दुसऱ्याला ७. निळ्या पाण्याची ती दोन टोकं जवळ आलेली बघून मला जे समाधान वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

नंतर हातात धरायचं वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र मिळालं तर प्रत्येक ग्रिलवर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढा, ग्रिलच्या मोकळ्या क्षेत्रफळानं गुणा. मग डॅम्पर थोडे-थोडे फिरवा. एक फिरवला की बाकीचे बदलतात, त्यामुळं दोन-तीन फेऱ्या लागतात. जमल्यावर दांड्याची जागा रंगानं खूण करून ठेवा.

स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपला हेच सूत्र लागतं का?

लागतं. ६ इंची तोंडाच्या चिमणीला भिंतीतलं जुनं ४ इंची भोक दिसतं म्हणून ४ इंची पाइप जोडतात. २८ चौरस इंचाचे साडेबारा झाले, निम्म्याहून कमी. मग चिमणी ओरडते आणि फोडणीचा धूर हॉलमध्ये येतो. भोक मोठं करा. घड्यांचा लवचीक पाइप शक्य तेवढा ताणून आणि आखूड ठेवा. चिमणीचा पाइप कूलरच्या डक्टला कधीही जोडू नका. त्यात तेल साठतं आणि ते पेट घेऊ शकतं.

मुलगा कॅनडात आहे. त्याच्या घरी तळघरात फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) आहे, डक्ट तोच बदलणार म्हणतो. तिथं हाच हिशोब चालेल?

क्षेत्रफळाचं सूत्र तेच. पण सुरुवात वेगळी आणि धोका मोठा. तिथं हवेचं प्रमाण खोलीच्या घनफळावरून ठरत नाही, उष्णतेवरून ठरतं. प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते हे आधी काढतात. अमेरिकेत त्या पद्धतीला मॅन्युअल जे म्हणतात, आणि डक्टच्या मापाच्या पद्धतीला मॅन्युअल डी; कॅनडात उष्णतेच्या हिशोबाचं मानक सीएसए एफ२८० आहे.

फर्नेसची हवा अशी निघते: १.०८ ला हवेच्या तापमानातल्या वाढीनं (फॅरनहाइटमध्ये) गुणा, आणि त्या गुणाकारानं दिलेल्या उष्णतेला (बीटीयू दर तासाला; बीटीयू हे उष्णतेचं इंग्रजी माप) भागा. ही वाढ किती असावी हे फर्नेसच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ६०,००० बीटीयू आणि ५० अंश वाढ धरली तर सुमारे १,११० सीएफएम. मात्र १.०८ हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेचा आहे. आपलं बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, इथली हवा ७ टक्के विरळ, म्हणून इथं तो १ च्या जवळ येतो. कॅलगरी १,००० मीटरहून उंच, तिथं तो ०.९७ च्या आसपास, आणि तेवढ्याच उष्णतेला सुमारे १,२३० सीएफएम लागतात. उंचीवर फर्नेसची स्वतःची उष्णताही कमी धरावी लागते, ते पुस्तिकेत बघायला सांगा.

अशा बऱ्याच फर्नेसच्या ब्लोअरला सगळा मिळून पाण्याच्या अर्ध्या इंचाएवढाच दाब पेलतो, आणि त्यातला बराच फिल्टर आणि कॉइल खातात. उरलेल्यात डक्ट बसवायचा. १०० फुटांना ०.१ इंच घर्षण धरलं तर ६ इंची गोल पत्र्याचा पाइप साधारण १०० सीएफएम नेतो, ८ इंची सव्वादोनशेच्या आसपास.

कूलरला बाहेर जायची वाट लागते, फर्नेसला परतीचा डक्ट. तो पुरवठ्याएवढाच मोठा हवा. परतीची हवा कमी पडली की आतला उष्णता देणारा भाग जास्त तापतो, सुरक्षा स्विच सारखा बंद पडतो आणि पुढं तो भाग तडकूही शकतो. मग जळलेल्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड घरात यायचा धोका असतो. त्याला वास नसतो. म्हणून मुलाला सांगा, माप तू काढ, पत्रा तू बसव, पण गॅस आणि धुराच्या नळीला परवानाधारक माणसाशिवाय हात लावू नको, आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव.

कूलरचाच डक्ट पुढं एसीला वापरता येईल का?

सहसा नाही. एसीला टनामागं सुमारे ४०० सीएफएम पुरतात, कूलरला त्याच घरासाठी खूप जास्त लागतात. शिवाय एसीला परतीचा डक्ट हवा, आणि थंड पत्र्यावर बाहेरून पाणी सुटतं.

पावसाळ्यात काय करायचं?

मृगाआधी टाकी रिकामी करून पॅड वाळवा. छतावरून घरात उतरणाऱ्या डक्टमध्ये एक बंद होणारी झडप मुळातच करून ठेवा, नाहीतर चार महिने ओली हवा घरात उतरत राहते आणि ग्रिलभोवती बुरशीचे काळे ठिपके येतात. मशीनच्या तोंडाला बारीक जाळी लावून वरून ताडपत्री बांधा. आमच्याकडं एका वर्षी जाळी राहिली आणि खारीनं हॉलच्या फाट्यात सुतळी, कापूस भरून घर केलं. पिल्लं मोठी होऊन जाईपर्यंत अक्कानं कुणाला झडप उघडू दिली नाही. मार्चमध्ये सुरू करण्याआधी प्रत्येक ग्रिल काढून टॉर्च मारून आत बघून घ्या.